बाबांचं शांत होणं

थोबाडीत बसली तेव्हा डॉक्टर सपनाच्या हातातला छोटा आरसा उडून थेट कपाटाखाली गेला, आणि कुणी काही बोलायच्या आत तिच्या अंगानं एक जुनंच काम करून टाकलं. हनुवटी डाव्या खांद्यात, डोळे गच्च, श्वास बंद, आणि दुसरीची वाट. दुसरी आली नाही. खुर्चीत आडवा पडलेला माणूस स्वतःच्याच हाताकडं बघत होता, तो हात शेजाऱ्याचा असावा तसा. तातेराव त्याचं नाव. कुरुंद्याकडचा शेतकरी, पंचावन्नच्या आसपासचा, दाढ काढून टाका म्हणून बायकोला घेऊन वसमतला आलेला. दाढ काढायची तर तोंड उघडायला हवं, आणि ते उघडत होतं दीड बोट. त्या फटीतून सपनानं कसाबसा आरसा आत सरकवला. गालाच्या आतल्या अंगाला, शेवटच्या दाढेच्या मागं, अंगठ्याच्या नखाएवढा लाल चट्टा होता. त्याला आरशाची कड लागली, आग आग झाली आणि त्याचा हात सुटला. मदतनीस सरिता किंचाळली. बाहेरच्या बाकावरचा पेशंट दारातून डोकावला. सपना मात्र तशीच उभी होती, मान वाकडी करून, चौतीस वर्षांची बाई, दारावर डिग्रीची पाटी असलेली.

"म्याडम, पाया पडते, माफ करा," तातेरावची बायको सखुबाई पुढं आली. तिनं नवऱ्याचा तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "आसं न्हाई वो करत आता हे. वरीस-दीड वरीस झालं, कुनाच्या अंगाला हात न्हाई. पयले लई व्हतं. घर डोक्यावर घ्यायचे, शेजारचे येऊन सोडवायचे. पन गावात सप्ता बसला, ह्यायनं माळ घातली, तवापून कसे शांत झालेत बघा. आवाजच न्हाई घरात. देवानंच ऐकलं माझं." आणि सखुबाई हसली. तिच्या हसण्यात इतकं सुख होतं की सपनाला गाल चोळायचंही सुचलं नाही. तिनं विचारलं, "शांत कधीपासून झाले?" "मागच्याच्या मागच्या पोळ्यापून." "आणि तिखट खायचं कधी सोडलं?" सखुबाईनं आठवून पाहिलं. "त्याच्याच आगंमागं की. आधी ठेचा न्हाई तर ताट फेकायचे. आता दुधात भाकर कुस्करून खातेत. गुमान." सपनाच्या डोळ्यांसमोर दुधात कुस्करलेल्या भाकरीचं ताट आलं. ते तातेरावचं नव्हतं.

पुढची वीस मिनिटं तिनं काम केलं, चोख केलं. तातेरावला सांगितलं की तंबाखूचा खर्रा आणि सुपारी खाऊन खाऊन आतली कातडी आवळत गेली आहे, म्हणून तोंड उघडत नाही. तो लाल चट्टा साधा नसावा, त्याचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आज कळलं तर कापाकापी थोडक्यात भागेल, सहा महिन्यांनी आलात तर जबडा जाईल. "लोखंड लागलं की पसरतंय म्हनतेत," सखुबाई घाबरून म्हणाली. "आमच्या भावकीत एकाचं तसंच झालं. तुकडा काढला आन् चार महिन्यात गेला." "त्यांनी तुकडा काढला तेव्हा उशीर झाला होता, बाई. लोखंडाचा काही दोष नाही त्यात." तिनं नांदेडच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, सखुबाईचा मोबाइल नंबर घेतला, मी परवा फोन करीन, टाळाटाळ केली तर गावात येईन, असंही बजावलं. मग सरिताला म्हणाली, बाकीच्यांना उद्या बोलव. सरितानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती बाहेरच्या बाकाकडं गेली. बेसिनवरच्या आरशात सपनाला आपला गाल दिसला. त्यावर चार बोटं उमटली होती, आणि ती बोटं तिला अनोळखी वाटेनात.

जळबा, तिचा बाप, बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता. जळबाच्या गाडीला हॉर्न कशाला, त्याचं तोंड पुरे, असं डेपोतले लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाकीची मुलं पडजीभ पुस्तकात बघून शिकत होती. सपनाला ती पाठ होती. चार-पाच वर्षांची असताना ती खाली आणि तो वरून ओरडणारा, आणि त्याचं तोंड अख्खं उघडलेलं. दोन्ही बाजूच्या अक्कलदाढा, जिभेची मुळं, मागं थरथरणारी ती लालबुंद पडजीभ. शिव्या काय होत्या ते तिला आता आठवत नव्हतं, पण त्या जिथून यायच्या ती जागा डोळे मिटून काढता आली असती. मग हात. ठेच्यात मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर, आणि भिंतीवरून ओघळणारा ठेचा मायच्या तोंडाला पुसलेला, डोळ्यांत जाईल असा. एकदा चौकटीवर. मायचा, चांगुणाचा, अंबाडा मुठीत धरून त्यानं तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं होतं, आणि वरच्या दोन पुढच्या दातांचे तुकडे कापलेल्या खोबऱ्यासारखे उंबऱ्यात पडले होते. सपनानं ते उचलून चड्डीच्या खिशात ठेवले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. बारा वर्षांनी, शेवटच्या वर्षाला असताना, कॉलेजात तिनं पहिली कॅप बसवली ती मायच्या त्याच दोन दातांवर. सरांनी विचारलं, कशानं तुटले? माय खुर्चीतून म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. सरांनी कागदावर तसं लिहून घेतलं, आणि सपना दाताचा रंग जुळवत राहिली.

आणि खर्रा. मारून झालं की जळबा खाटेवर बसायचा आणि खर्रा घोटायचा. प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू आणि चुना, आणि तळहातावर घासल्याचा तो चर्र चर्र आवाज. तो आवाज आला की घर श्वास घ्यायचं. माय उठून पदर सारखा करायची, चूल फुंकायची, सपना खाटेखालून निघायची. तोंडात खर्रा गेला की तोंड बंद, आणि तोंड बंद तर हातही बंद, हा हिशेब तिला सातव्या वर्षीच कळला होता. म्हणून पुढं पुढं ती वाटच बघेनाशी झाली. बापाचा आवाज चढू लागला की दप्तर टाकून कोपऱ्यावरच्या टपरीवर पळायची, "बाबाची पुडी द्या," आणि पळत परत येऊन ती त्याच्या पुढ्यात धरायची. कधी वेळेवर पोचायची, कधी नाही. पोचली की माय वाचायची. शहाणी पोरगी, म्हणायचा जळबा, आणि तिच्या केसांवरून हात फिरवायचा, त्याच हातानं. किती पुड्या आणल्या असतील तिनं, पाचशे? हजार? गाडीची किल्ली शोधताना आज तिला हे आठवलं, आणि ड्रॉवर इतक्या जोरात बंद झाला की बोट सापडता सापडता राहिलं.

वसमत सोडून गाडी बापाच्या गावाकडं, डोंगरकड्याच्या वाटेला लागली तेव्हा बारा वाजत आले होते. दोन्ही बाजूंनी शिजवलेली हळद वाळत घातलेली, उग्र मातकट वास काचा लावूनही आत येत होता. तिला घाई होती आणि गाडी पन्नासच्या पुढं नेववत नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललं होतं. रिटायर होऊन डोंगरकड्याला घर बांधलेला जळबा रोज संध्याकाळी पांढरे कपडे घालून जाऊन बसू लागला. आणि शांत झाला. आधी ओरडणं गेलं, मग शिव्या गेल्या, मग बोलणंही चार शब्दांवर आलं. माय फोनवर सांगायची, "धम्म लागला गं तुझ्या बापाला. कालवनात मीठ नव्हतं, तरी बोलले न्हाईत." दुधात भाकर, वरणात भाकर, तिखट वर्ज्य. लोक म्हणाले, जळबानं जिभेवर ताबा मिळवला. आश्विन पौर्णिमेला विहारात त्याला शाल दिली, आणि ज्या माणसाला आख्खं गाव टरकून होतं तो माणूस हात जोडून, खाली मान घालून, ओठ मिटून हसत उभा राहिला. तो फोटो सपनाच्या मोबाइलमध्ये होता. तिनं स्वतः तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, वर चार निळी फुलं लावून.

तिला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. ती शाळाशाळांतून बोलत फिरायची: आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घाला, जात नसतील तर डॉक्टरकडे या. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा चट्टा, लाल चट्टा, तिखटानं होणारी आग, यातलं एकही असेल तर वाट बघू नका. डोंगरकड्याच्या विहारातही तिनं तपासणीचं शिबिर घेतलं होतं, गेल्या हिवाळ्यात. एकशे बारा तोंडं तपासली. जळबा सगळ्यांच्या पुढं होता, डॉक्टरीणबाईचा बाप म्हणून लोकांना पाणी देत होता, रांग लावत होता, आणि स्वतः रांगेत आला नाही. तिनं बोलावलंही नाही. दिवाळीला त्यानं गुलाबजामचे चमच्यानं चार तुकडे करून एकेक आत सरकवला, ते तिनं पाहिलं होतं. जांभई देताना तो हात आडवा धरायचा, पण ओठ विलग व्हायचे आणि दात नाहीत, तेही पाहिलं होतं. पाहिलं आणि ताटात वाढलेली भाजी खाल्ली. माय हसत होती ना तेव्हा. माय पहिल्यांदा जेवताना पाय पसरून बसली होती. ते घर असं कधी नव्हतंच, आणि ज्यामुळं ते तसं झालं त्याच्या तोंडात डोकावून बघायचं म्हणजे आपल्याच हातानं चूल विझवायची. सरळ सांगायचं तर तिला त्याचं ओरडणं परत नको होतं. त्याहून सरळ सांगायचं तर, तो मेला तरी चालेल असं मनाच्या तळाशी कुठंतरी बसलेलं होतं, आणि ते आजचं नव्हतं. बारा वर्षांची असताना एका दुपारी ती झोपलेल्या बापाच्या उशाशी वरवंटा घेऊन उभी राहिली होती. तोंड उघडं टाकून तो घोरत होता. दोन्ही हातांनी वरवंटा डोक्याच्या वर नेला होता तिनं. त्यानं कूस बदलली, आणि तिनं तो पाट्यावर नेऊन ठेवला आणि हात थांबेपर्यंत लसूण वाटला.

जळबा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, चष्मा नाकावर. गाडी बघून त्यानं पेपर खाली घेतला. "काहून आलीस? दवाखाना बंद?" शब्द दातांच्या आडूनच आले, चघळल्यासारखे. किती दिवस असंच बोलतोय हा? माय आतून हात पुसत आली, लेकीच्या गालाकडं तिचं लक्ष गेलं, आणि ती चौकटीत थबकली. मायला असे गाल वाचता येतात. "पेशंटनं मारलं," सपना म्हणाली. "दुखलं म्हणून. काही नाही." पर्समधून तिनं हातमोजे काढून घातले, बॅटरी काढली, लाकडी पट्टी काढली. "बाबा, तोंड उघडा." तो हसला, ओठ मिटून, तोच तो शालीच्या फोटोतला हसणारा चेहरा. "काय झालंय मला? चांगला हाये की." "तीन बोटं घाला तोंडात. तुमची तुमी घाला. शिबिरात पाह्यलंय तुमी." "न्हाई म्हनलं ना." "बाबा, घाला." जळबानं पेपरची घडी केली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. मग खूप हळू म्हणाला, "म्या सोडलंय समदं. खर्रा सोडला. राग सोडला. आता लेकीनं येऊन तोंड बघायचं काय काम न्हाई."

खर्रा त्यानं सोडला नव्हता, तो त्याला घालता येईना म्हणून सुटला होता. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि डोक्यात काहीतरी फाटलं. पुढं जे झालं ते तिनं ठरवून केलं नाही. तिनं एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गालातून आत घुसवला, मागच्या दाढांकडं, रोज अनोळखी माणसांना हळुवार लावायची तीच पकड, पण जोर वेगळा. आतली कातडी लागली. ती कातडी नव्हतीच, ताणलेला वाखाचा दोर होता. जळबा गुरगुरला. त्यानं मान झटकली, तिनं सोडली नाही. खुर्ची मागं कलली, भिंतीला लागली. "उघडा! उघडा म्हणते ना!" ती ओरडत होती, आणि तो आवाज कुणाचा हे तिला ओरडता ओरडताच ओळखू आलं. गल्लीत कुणीतरी सायकल थांबवली. मग तो चावला. होते नव्हते ते सगळे दात मोज्यावरून अंगठ्यात रुतले, हाडापर्यंत कळ गेली, आणि त्याच्या उजव्या हाताची थोबाडीत बसली, सकाळच्याच गालावर. या हाताला कसलाच आजार नव्हता. दोन वर्षांत काही म्हणजे काही विसरला नव्हता तो. सपनाच्या तोंडात रक्ताची चव आली. तिनं मान खांद्यात घातली नाही, डोळे मिटले नाहीत. तिनं दुसऱ्या हाताची मूठ वळून बापाच्या छातीवर हाणली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हाणताना रडू फुटलं तरी हात थांबला नाही.

माय चौकटीतून पुढं आली ती धावत नाही, चालत. खुर्चीच्या मागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी नवऱ्याचं डोकं धरून आपल्या पोटाशी गच्च दाबलं, गोठ्यात गाईला औषध पाजताना धरतात तसं. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. "पाह्य," ती लेकीला म्हणाली. "आता पाह्य. हालू देत न्हाई मी." जळबानं वर पाहिलं. बायकोचा चेहरा त्याला उलटा दिसत असेल. पस्तीस वर्षांत त्या बाईनं त्याला असा हात लावला नव्हता. काय झालं कुणास ठाऊक, त्याचा जोर गेला, आणि त्यानं उघडता येईल तेवढं तोंड उघडलं. पावणेदोन बोटं. सपनानं रक्ताळलेला मोजा बदलला, बॅटरी लावली, पट्टीनं जीभ बाजूला केली. दोन्ही गाल आतून पांढरेफटक. उजवीकडं, खालच्या शेवटच्या दाढेच्या मागं, लाल-पांढरा चट्टा, मध्ये खरवडल्यासारखी जखम. तिनं बोटानं दाबून पाहिलं. कडेला कडक होती. हनुवटीखाली, कानामागं, मानेच्या दोन्ही अंगांना बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. गाठ लागली नाही. ती तिथंच ओट्यावर बसली.

"आजच नांदेडला जायचं," ती म्हणाली. "तुकडा काढतील. मानेत गाठ नाही, बाबा. म्हणजे अजून वेळ आहे. तेवढाच भाग काढून भागेल बहुतेक. मग तोंड उघडायचा व्यायाम, औषधं. बोलता येईल नीट. तिखटही खाता येईल एखादं वेळी." ती डॉक्टरसारखं बोलत होती आणि नाकातून पाणी गळत होतं. जळबा चष्मा शोधत होता. चष्मा खुर्चीखाली पडला होता, काच तडकलेली. तो त्यानं सदऱ्याला पुसला, लावला नाही. "म्हंजी बिमारी व्हती," तो म्हणाला. "हो." "दोन वरसं." "हो, बाबा. जास्तच." त्यानं चष्म्याच्या तडकलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. मग शब्द एकेक करून दातांमागून बाहेर आले. "विहारात लोक मला बसायला खुर्ची देतेत. लेकरं जवळ येतेत. पयले कुनाचं लेकरू येत नव्हतं. मला वाटलं, म्या केलं ते. सकाळी उठून म्या मनाला बजावायचो, आज वरडायचं न्हाई, आन् दिवसभर वरडायचो न्हाई. तू म्हनती, वरडताच येत नव्हतं." त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, मग तिच्या गालाकडं. "मंग म्या बदललोच न्हाई म्हन की."

सपनाला खोटं बोलता आलं असतं. पेशंटला धीर द्यायला ती रोज चारदा खोटं बोलायची. तिच्या जिभेवर आलंही होतं, तसं नाही बाबा, दोन्ही खरं असतं. पण गाल ठणकत होता, अंगठ्यातून रक्त येत होतं. "मला ठाऊक नाही," ती म्हणाली. तिला त्याची दया आली, इतकी की राग आला, आणि राग आला म्हणून आणखी दया. त्या एवढ्याशा खुर्चीसाठी हा माणूस तोंड मिटून मरायला निघाला होता. आणि आपण? आपण कशासाठी त्याला मरू देत होतो?

"रगत येतंय चार महिन्यापून," माय म्हणाली. ती अजून खुर्चीच्या मागंच उभी होती, हात मोकळे. "उशीच्या खोळीला लागतंय. सकाळी उठून पयले खोळ धुते मी." सपनानं वर पाहिलं. "माय! सांगितलं काहून न्हाईस?" "तू इचारलं काहून न्हाईस? तू तर डाक्टर हाईस." मायचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, तुला ठावं हाये. मला वाटलं, तू बी तेच करून राहिली जे म्या करून राहिले." ओट्यावर तिघांपैकी कुणी कुणाकडं पाहिना. रस्त्यावरून हळदीचा ट्रॅक्टर धडधडत गेला. जळबानं डोळे मिटले होते. आपण झोपलो की आपल्या उशीशी काय चालतं हे त्याला आज कळत होतं.

मग माय नवऱ्याच्या समोर आली, आणि त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली, डोळ्यांना डोळे भिडतील अशी. तिच्या पुढच्या दोन कॅप बाकीच्या दातांपेक्षा जरा जास्तच पांढऱ्या होत्या. विद्यार्थिनीचं काम होतं ते. "उठा," ती म्हणाली. "जायाचं. तुकडा काढायचा, कापायचं तर कापायचं, लोखंड लावायचं तर लावायचं. मेलात तर चालायचं न्हाई. रोज रातच्याला मनात बोलते मी तुमच्यासंग, पस्तीस वरसाचं येकेक काढून. तुमी मुकेच. मुक्या मानसाला काय बोलायचं वो? त्यानं नुसतं ऐकावं आन् लोकांनी म्हनावं, बघा, किती सोसतोय बिचारा?" ती थांबली, धाप लागली होती. "बरे व्हा. तोंड चांगलं उघडू द्या, तीन बोटं. मंग मी बोलनार हाये, आन् तुमी वरडून दाखवा. मंग कळंल बदलले का न्हाई ते. मला बी आन् तुमाला बी."

जळबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला. उठताना त्याचा तोल गेला, आणि त्याला दोघींपैकी कुणीच धरलं नाही, तरी तो पडला नाही. माय लुगडं बदलायला आत गेली. सपनानं अंगठ्याला रुमाल गुंडाळला आणि नांदेडला फोन लावला.